लेट्यूसची नवी पानं पिवळी, मुळं तपकिरी; खत वाढवूनही फरक नाही

कुंडीविना

पुण्यात फ्लॅटमधल्या एका खोलीत मातीशिवाय, पाण्यातच भाजी लावलीय (हायड्रोपोनिक्स): ४० लिटरचा प्लॅस्टिक क्रेट, वर थर्माकोलचं झाकण, जाळीचे १२ कप. ८ कपांत लेट्यूस, ४ कपांत इटालियन बेझिल. मुळं कायम पाण्यात, खाली एक एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) आणि फिशटँकचा छोटा पंप (खोक्यावर मिनिटाला ३.५ लिटर लिहिलंय). वर १०० वॉटचा पांढरा एलईडी, पानांपासून साधारण २० सेंटीमीटरवर, रोज १८ तास. खत म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) आणि सोबत मायक्रोन्यूट्रिअंटची पुडी.

मार्चपर्यंत सगळं ठीक होतं. आता:

लेट्यूसची आतली नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. काही कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन सुकल्यात. दुपारी पानं मान टाकतात, क्रेट भरलेला असला तरी. मुळं तपकिरी दिसतात. बेझिलच्या खालच्या पानांवर पिवळे चट्टे आहेत.

अन्न कमी पडतंय असं वाटून खत दीडपट केलं. पीएच वाढलेला दिसला की लिंबू पिळते, पण दोन दिवसांत पुन्हा जैसे थे. कोणतं द्रव्य कमी पडतंय?

पांढरी_मुळं

ताई, "कोणतं द्रव्य कमी पडतंय" हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. क्रेट भरलेला असताना झाड मान टाकतंय, म्हणजे मुळं पाणी ओढत नाहीत. अशा झाडाला कितीही खत घाला, ते पोचणार नाही, उलट खारटपणा वाढेल. दीडपट केलेलं खत आधी थांबवा.

चार आकडे द्या: पीएच, टीडीएस किंवा ईसी (पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याची मापं), दुपारी ३ वाजता पाण्याचं तापमान, आणि खत घालण्याआधीच्या कोऱ्या पाण्याचा टीडीएस. हा चौथा आकडा कुणीच मोजत नाही आणि निम्मी उत्तरं त्यातच असतात.

आणि एक परीक्षा. एक कप उचला, तपकिरी मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. मूळ घट्ट असेल आणि वास मातीसारखा असेल, तर तो खताचा किंवा कोकोपीटचा डाग असू शकतो, त्याने बिघडत नाही. पण वरची साल बुळबुळीत होऊन मोज्यासारखी निघून आली आणि हातात दोऱ्यासारखा बारीक गाभा राहिला, तर ती मूळकूज. वास कुजक्या भाजीचा येतो, चुकत नाही.

कुंडीविना

पीएच ७.८ (थेंबांच्या किटवर, रंग ७.५ आणि ८ च्या मधला). टीडीएस १४५०. पाणी ३१ अंश. कोरं पाणी ५५० आलं! एप्रिलपासून सोसायटीत टँकरचं बोअरचं पाणी येतंय. मुळाची साल निघाली, आत दोरा. वास आहे.

पाणी कमी झालं की खताचं पाणी करूनच वर भरते.

ईसी_मास्तर

आता चित्र स्पष्ट झालं. एकात एक गुंतलेल्या तीन-चार भानगडी आहेत. मुळांवरचे उपाय बाकीचे सांगतीलच, मी पाणी आणि खत घेतो.

साध्या टीडीएस पेनात आकडा बहुधा ५०० च्या पट्टीवर येतो, म्हणजे ईसी १.० ला ५०० पीपीएम. तुमचं कोरं पाणी ईसी १.१, आणि टाकीतलं २.९. लेट्यूसला थंडीत १.२ ते १.८ चालतं, उन्हाळ्यात १.० ते १.२ वरच थांबावं, कारण उकाड्यात झाड पाणी जास्त पितं आणि अन्न मागे सोडतं. तुम्ही तर वरची भरही खताच्या पाण्याने करताय, त्यामुळे क्षार साचतच गेले. भर नेहमी कोऱ्या पाण्याची. पाण्याची पातळी उतरताना ईसी चढत असेल तर द्रावण घट्ट आहे, पातळ करा. ईसीही उतरत असेल तर झाड खरंच भुकेलं आहे. खत वाढवायचं की नाही ते हा कल सांगतो, पानाचा रंग नव्हे.

टँकरच्या पाण्यातला १.१ म्हणजे अन्न नाही. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं, सोडियम, क्लोराइड. लिंबाचा परिणाम न टिकण्याचं कारण ही बायकार्बोनेटंच. शिवाय सायट्रिक आम्ल जिवाणू खाऊन टाकतात, म्हणजे पीएच परत वर आणि मूळकुजीच्या घाणीला वर खुराक. लिंबू पोह्यांवर पिळा.

नव्या पानांचा पिवळेपणा आणि हिरव्या शिरा ही लोहाची खूण. लोह झाडात एका जागी बसलं की हलत नाही, म्हणून तुटवडा नव्या पानांवर दिसतो. (मॅग्नेशियमच्या कमतरतेतही शिरा हिरव्या राहतात, पण ती जुन्या, खालच्या पानांपासून सुरू होते. नत्राचीही खालूनच, पण सगळं पान सरसकट फिकं.) तुमच्या पुडीत लोह असणारच, पण स्वस्त मिश्रणांत ते बहुधा ईडीटीए या चिलेटच्या (लोह विरघळलेलं धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या) रूपातलं असतं, आणि ते पीएच ६.५ च्या वर गेलं की सुटून खाली बसतं. डीटीपीए साधारण ७ पर्यंत तग धरतं, ईडीडीएचए त्याहून बरंच वर. म्हणजे लोह टाकीत आहे, पण झाडाला मिळत नाही. पीएच खाली आणला की हे बहुतेक आपोआप सुटतं.

आता १९:१९:१९. मातीत ठिबकमधून द्यायला उत्तम, पाण्यातल्या शेतीला वाईट. गोणीमागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात. मातीतले जिवाणू युरिया फोडून झाडाला देतात, तुमच्या क्रेटमध्ये ती सोय भरवशाची नाही. आणि गंमत म्हणजे युरिया विद्युतभारित नसल्याने ईसी पेनाला दिसतच नाही. गरम पाण्यात तो फुटला की अमोनिया तयार होतो, तो मुळांना भाजतो. शिवाय १९:१९:१९ मध्ये कॅल्शियम शून्य, मॅग्नेशियम शून्य.

नवं द्रावण असं करा. ३० लिटर आरओ आणि १० लिटर टँकरचं. आधी आरओच्या पाण्याचाही टीडीएस मोजा. घरगुती मशीनमध्ये "टीडीएस कंट्रोलर" असतो, तो चवीसाठी कच्चं पाणी मिसळतो, त्यामुळे कधीकधी १०० च्या वर निघतो. मिश्रणाचा ईसी ०.३ ते ०.४५ यायला हवा. आरओमधून वाया जाणारं पाणी वापरू नका, त्यात क्षार दाटलेले असतात.

खत ४-१८-३८ प्रकारचं हायड्रोपोनिक मिश्रण घ्या, ऑनलाइन सहज मिळतं. सोबत मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅल्शियम नायट्रेट. पूर्ण मात्रा लिटरला ०.६, ०.३ आणि ०.६ ग्रॅम. तुमची झाडं आजारी आहेत, म्हणून ४० लिटरला १४ ग्रॅम, ७ ग्रॅम आणि १४ ग्रॅम. एकूण ईसी १.२ च्या आसपास येईल. याच क्रमाने घाला, प्रत्येक पूर्ण विरघळल्यावरच पुढचं, कॅल्शियम नायट्रेट सगळ्यात शेवटी. तिन्ही पावडरी थोड्या पाण्यात एकत्र कालवल्या तर कॅल्शियमचा सल्फेट-फॉस्फेटशी संयोग होऊन पाणी दुधाळ होतं, ते खत मग टाकूनच द्यायचं. वजनाला स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा.

खत विरघळल्यावर पीएच, आधी नाही. ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक अ‍ॅसिड १ भाग, पाणी ९ भाग. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा. या पातळ द्रावणाचे ५ मिली टाका, ढवळा, १५ मिनिटं थांबा, मोजा, पुन्हा ५. ४० लिटरच्या या मिश्रणाला २० ते ३० मिलीपर्यंत लागू शकेल, पण टँकरगणिक पाणी बदलतं, म्हणून एकदम ओतू नका. ५.८ ते ६.२ ला थांबा. पुढे ६.५ पर्यंत चढला तरी हात लावू नका.

पांढरी_मुळं

वरच्यात एक जोड. पीएचचं पेन घेतलंत तर दर पंधरा दिवसांनी ६.८६ आणि ४.०० च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) जुळवा, आणि टोक केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइडच्या) साठवण द्रावणात ठेवा. आरओच्या पाण्यात बुडवून ठेवलेलं पेन लवकर मरतं आणि मरण्याआधी आठवडाभर आत्मविश्वासाने खोटं बोलतं. थेंबांचं किट त्यापेक्षा बरं.

आता मुळं. लक्षणांवरून ही पिथियम या बुरशीसारख्या जंतूची कूज दिसते. तिचं मूळ कारण ३१ अंश हा आकडा. २० अंशाच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशाला ७.५ च. त्याच वेळी मुळांची आणि जंतूंची प्राणवायूची भूक वाढलेली असते. मुळं गुदमरली की पिथियम शिरतो. म्हणून औषध ओतून पाणी गरमच ठेवलंत तर आठवड्यात पुन्हा तेच.

कामाचा क्रम: झाडं काढा. निम्म्याहून जास्त मुळं गेलेली झाडं फेका, त्यांच्यावर वेळ घालवू नका, ती बाकीच्यांना लावतात. उरलेल्यांची बुळबुळीत मुळं स्वच्छ कात्रीने कापा, साध्या वाहत्या पाण्याखाली धुवा. जितकी मुळं गेली तितक्या प्रमाणात बाहेरची मोठी पानंही काढा, नाहीतर उरलेली मुळं पाणी पुरवू शकत नाहीत.

मग हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात साधारण ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर "२० व्हॉल्यूम" लिहिलेलं असू शकतं. ५ लिटर पाण्यात १५ मिली, मुळं १० मिनिटं बुडवून ठेवा. ३ टक्क्यांचं असेल तर ३० मिली. औद्योगिक ३० किंवा ५० टक्क्यांचं घरात आणू नका, कातडी पांढरी पडते आणि मुळं जळतात.

क्रेट, कप, झाकण: घरगुती सोडियम हायपोक्लोराइट (४-५ टक्के) १ भाग, पाणी ९ भाग, अर्धा तास. नंतर तीनदा धुऊन उन्हात वाळवा. हे करताना फॉस्फोरिक अ‍ॅसिडची बाटली त्या मोरीत नको. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. थर्माकोल भेगाळलेला असेल तर बदला. एअर स्टोन आणि नळी तर नवीच घ्या, स्टोनच्या छिद्रांतली घाण निघत नाही.

गारवा

पेरॉक्साइडशी मी थोडा असहमत. एकदा बुडवायला ठीक, पण लोक ते दर तिसऱ्या दिवशी टाकीत ओतत बसतात. एक-दोन दिवसांत त्याचा असर संपतो, लोहाची चिलेटं खराब होतात, आणि चांगले जिवाणूही मरतात. मग रिकाम्या जागेत पिथियमच आधी परत येतो. त्यापेक्षा धुतलेल्या टाकीत बॅसिलस सबटिलिस (उपयोगी जिवाणू) सोडा, कृषी सेवा केंद्रात मिळतं. द्रवरूप मागा. पावडरीत टाल्क असतो, तो तळाशी चिखल करतो आणि स्टोन बुजवतो. मात्रा बाटलीवरची. पेरॉक्साइडनंतर किमान दोन दिवसांनी, नाहीतर पैसे पाण्यात, अक्षरशः.

दुकानदार मेटॅलॅक्झिल हे बुरशीनाशकही पुढे करेल. कच्चं खायच्या पानांसाठी टाकीत ते नको म्हणजे नको.

गारव्याचा हिशेब: ४० लिटर ३० वरून २६ अंशांवर आणायला सुमारे ६७० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. १ लिटर बर्फ वितळून २६ अंशांपर्यंत येताना साधारण ४४० किलोज्यूल घेतो. म्हणजे एका वेळी लिटरच्या दोन गोठवलेल्या बाटल्या, झाकण घट्ट, आणि त्या मुळांना टेकू देऊ नका. सकाळी ११ ला दोन, ३ ला दोन, म्हणजे फ्रीझरमध्ये चार तरी हव्यात. त्याआधी क्रेटला बाहेरून थर्माकोल आणि वर पांढरा किंवा चंदेरी कागद लावा, नाहीतर खोली बर्फ खाऊन टाकते. क्रेट अर्धपारदर्शक असेल तर आतून येणारं शेवाळही त्यानेच थांबेल. लक्ष्य २२ ते २५. पुण्याच्या मेमध्ये एसीशिवाय २६ जमलं तरी मी समाधान मानेन.

पंप मिनिटाला ८ ते १० लिटरचा घ्या, दोन स्टोन. पंप एलईडीच्या शेजारी ठेवू नका, तो गरम हवाच आत ढकलतो. पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. लाइट गेली की पाणी उलटं पंपात येतं आणि खाली एक्स्टेन्शन बोर्ड असतो.

पाण्याची पातळी कपाच्या तळापासून २-३ सेंटीमीटर खाली. काठोकाठ भरलं की कोकोपीट कायम ओलं राहतं आणि खोडाचा गळाच कुजतो.

कुंडीविना

खूप आभार. तीन लेट्यूस फेकली, पाच उरली. दोन प्रश्न. कोवळ्या पानांच्या कडा जळतात ते कॅल्शियममुळे ना? मग कॅल्शियम नायट्रेट थोडं जास्त घालू का? आणि बेझिलच्या चट्ट्यांचंही कारण लोहच का? मुळं त्याची बरी आहेत.

ईसी_मास्तर

कॅल्शियम वाढवू नका. पान मिटलेलं असताना आतल्या कडेपर्यंत कॅल्शियम पोचत नाही, हे त्याचं कारण. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर वर जातं. बाहेरचं पान बाष्प सोडतं म्हणून त्याला मिळतं, गड्ड्याच्या आतलं पान दमट हवेत बंद असतं म्हणून त्याला नाही. तुमची मुळंही सध्या अधू. त्यात १८ तास प्रकाश, म्हणजे वाढ घाईची आणि पुरवठा तुटपुंजा.

दिवा ४० सेंटीमीटरवर न्या, १४ तासांवर आणा. मोबाइलच्या लक्स अ‍ॅपवर पानाच्या उंचीला १५ ते १७ हजारांच्या आसपास दिसलं तर पुरे. अ‍ॅप ढोबळच असतं, पण ४० हजार आणि १५ हजार यांतला फरक तरी कळतो. दिवा रात्री चालवा, दुपारी बंद ठेवा. क्रेटवरची एक उष्णता कमी होते. छोटा पंखा असा लावा की पानं नुसती डुलतील, फडफडणार नाहीत. पंख्याने गड्ड्याच्या आतली कोंदट हवा हलते, खतापेक्षा त्याचा गुण जास्त. जळलेल्या कडा हिरव्या होणार नाहीत, नवं पान कसं येतं ते बघा.

लोहाचंही तसंच. पीएच उतरल्यावर ५-७ दिवसांत नवी पानं हिरवी नाही निघाली, तर डीटीपीए लोह (११ टक्के) ४० लिटरला ०.४ ग्रॅम, म्हणजे १ पीपीएमच्या जरा वर. तोवर थांबा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशाने गुण आला ते कळत नाही. अर्थात तुम्ही या आठवड्यात सहा बदलताय, पण ती आणीबाणी आहे.

पानाखाली

बेझिलचं पान उलटं करून बघा, दिवा लागायच्या वेळी. पिवळा चट्टा शिरांच्या मधे चौकटीसारखा अडवलेला असेल आणि त्याच जागी खाली राखाडी-जांभळट बुरशीची लव दिसली, तर तो केवडा (डाउनी मिल्ड्यू हा पानांचा रोग) आहे. कमतरता समजून लोक याला महिनाभर मॅग्नेशियम पाजत राहतात.

खाली काहीच नसेल, पण वरून बारीक पांढरट ठिपक्यांची रांगोळी आणि खाली सूक्ष्म जाळं असेल, तर लाल कोळी. पांढऱ्या कागदावर पान झटका, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागतील. चंदेरी ओरखडे आणि काळे कण असतील तर फुलकिडे, त्यांना निळा चिकट सापळा. पिवळा सापळा पांढरी माशी आणि माव्यासाठी.

कुंडीविना

लव आहे. राखाडी. दोन झाडांवर.

पानाखाली

मग ती दोन झाडं आजच, प्लॅस्टिक पिशवी तिथेच वरून चढवून, बांधून बाहेर. उघडी उचलून घरातून नेलीत तर बीजाणू पंख्याच्या वाऱ्यावर बाकीच्या दोघांवर बसतील. त्या वेळी पंखा बंद. उरलेल्या दोन झाडांची खालची दाट पानं काढा, फवारणी करून पानं ओली ठेवू नका. नीम तेलाने केवडा जात नाही, ते किडींसाठी. लाल कोळी निघालाच तर १०,००० पीपीएमचं नीम तेल लिटरला २ मिली, दोन थेंब सौम्य साबण, दिवा बंद असताना, पानाच्या खालच्या बाजूला. दिवा चालू असताना मारलं तर पानं भाजतात. काढणीच्या आधीचा आठवडा काहीच नको.

हा रोग बियाण्यातूनही येतो, म्हणून पुढच्या वेळी त्याच पुडीतलं बी लावू नका.

गारवा

आणि जूनपर्यंत रिकाम्या कपांत पुन्हा लेट्यूस नको. गरमीत ते दांडा काढतं, चिक कडू होतो, मुळं वाचली तरी खाववत नाही. लाल माठ, अंबाडी, पुदिना, जमलं तर नाळीची भाजी लावा, ही मंडळी उकाड्याला बिचकत नाहीत. पुदिना मात्र वेगळ्या डब्यात, त्याची मुळं आठवड्यात शेजाऱ्याच्या कपात शिरतात.

कुंडीविना

द्रावण केलं. आरओचा टीडीएस ९०, मिश्रण १९५, खतानंतर ६१०. अ‍ॅसिड २५ मिली लागलं, पीएच ६ वर. चार बाटल्या फ्रीझरमध्ये. पाणी आत्ता २७.

ईसी_मास्तर

६१० म्हणजे ईसी १.२२, बरोबर. उद्या सकाळी पीएच पुन्हा मोजा. ६.५ च्या आत असेल तर काही करू नका. ७ कडे गेला असेल तर टँकरचं पाणी १० ऐवजी ५ लिटर घ्या आणि तेवढंच आरओ वाढवा, अ‍ॅसिड ओतत बसू नका, फॉस्फरस चढत जातो. पूर्ण पाणी बदल १० दिवसांनी. उतरलेलं जुनं पाणी कुंडीतल्या जास्वंदीला चालेल, पण पेरॉक्साइडचं नाही आणि या वेळचं कुजकं पाणी तर मुळीच नाही, ते संडासात.